बंधाऱ्याला पैसा मिळतो, गाव जोडायला मिळत नाही : मृद व जलसंधारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार.

मी संगमनेर तालुक्याच्या पठार भागातली शेतकरी. आमच्या गावच्या पाणलोट समितीची सात वर्षं सचिव होते.

आमच्याकडं डोंगरावरची माती आणि पाणी अडवायच्या कामाची सुरुवात जेसीबीनं झाली नाही. स्वयंसेवी संस्थेची ताई आधी सात महिने नुसती येत राहिली. एसटीनं यायची, संध्याकाळी मारुतीच्या देवळात बसायची, गावाचं ऐकायची. मग एक दिवस तिनं लाकडी पट्ट्यांची ए-फ्रेम आणली. मधोमध दोरीला दगड लोंबत होता. कधी शाळेत न गेलेल्या बायांनी त्या दगडाकडं बघत समपातळी रेषा धरली आणि फक्कीनं डोंगर आखला. पुढं त्या रेषेवर पाणी मुरवणारे सलग समतल चर खोदले तेही त्यांनीच. म्हणून कुठला चर बुजत आलाय हे त्यांना आजही लांबून कळतं.

खरी लढाई चराईबंदीची होती. शेळ्यामेंढ्यांवर जगणारी नऊ घरं. डोंगर बंद म्हणजे त्यांची चूल बंद. ठराव मांडला असता तर बहुमतानं झाला असता आणि महिन्याभरात मोडला असता. ताईनं आधी त्या नऊ घरांनाच बसवलं. ठरलं असं, की डोंगराचा एकेक तुकडा आळीपाळीनं बंद ठेवायचा आणि त्यातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्यांचा. याला चार बैठका लागल्या. एकीत तर लोक भांडून उठून गेले. या बैठकांची नोंद कुठल्या मोजमाप पुस्तिकेत होते, साहेब?

आमच्याच तालुक्यातल्या दरेवाडीनं हे आमच्या आधी केलं. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारानं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आला, 1993 साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. तिथंही आधी चराईचाच पेच सुटावा लागला. हिवरे बाजारला ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरवते. हे सिमेंटचं काम नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओढ्यावर नवा सिमेंट बंधारा झाला. ठेकेदारानं महिन्यात काम उरकलं, फलक लागला. जागा कुठली घ्यावी हे ग्रामसभेला कुणी विचारलं नाही. माथा ते पायथा, म्हणजे आधी वरचं पाणी अडवायचं आणि मग खाली यायचं, हा क्रम आम्हाला पाठ आहे. इथं वरचा ओघळ तसाच मोकळा सोडला आणि पायथ्याला भिंत बांधली. यंदा मे महिन्यात बघायला गेले तर गाळ भिंतीच्या माथ्यापासून हातभर खाली. कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, काम पूर्ण झालंय, फाईल बंद आहे.

राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर सुमारे 9,600 कोटी खर्चूनही भूजल वाढीवर फारसा परिणाम दिसला नाही, असं महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये म्हटलं. त्यावर राजकारण झालं, मला त्यात पडायचं नाही. आमच्या ओढ्यात मी जे पाहिलं ते मला पुरेसं आहे.

पाणलोट कामांसाठीच्या केंद्राच्या 2008 च्या सामाईक मार्गदर्शक सूचनांत संस्था आणि क्षमता बांधणीसाठी 5 टक्के ठेवले होते. तेही थोडेच. माझं मागणं एवढंच, की अंदाजपत्रकात गाव जोडणाऱ्या कार्यकर्त्याचं मानधन धरा. काम सुरू होण्याआधी किमान वर्षभर आणि काम संपल्यावर तीन वर्षं. ज्या स्वयंसेवी संस्था गावात मुक्कामाला राहतात त्यांना ते द्या, सर्वांत कमी दराच्या निविदेवर नको. आणि देखभालीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात वेगळा ठेवा, म्हणजे गाळ काढायला आम्हाला फाईल उघडण्याची वाट बघावी लागणार नाही.

पावसाआधी आम्ही डोंगरावरचे चर मोकळे करणार आहोत. पन्नासेक माणसं होतील, त्यात त्या नऊ घरांतली पोरंही आहेत. सकाळी सातला मारुतीच्या देवळापासून निघतो. आपण या. उतरताना ओढ्यातला बंधाराही दाखवीन.

आपली,
पाणलोट समितीची माजी सचिव