बेडकाच्या आवाजाचा गवई

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तो 'ब्लेड' सिनेमातला पांढऱ्या दाढीचा लंगडा म्हातारा म्हणे गायक होता, खरं का रे?" आणि मी तोंड उघडेपर्यंत तुझी लोकल आली. खरं आहे. गायक होता, पण एवढंच सांगून थांबलो तर काहीच सांगितलं नाही असं होईल. म्हणून पत्र लिहितोय. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

क्रिस क्रिस्टोफरसन त्याचं नाव. जन्म २२ जून १९३६, टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलचा. पलीकडे नदी ओलांडली की मेक्सिको. वडील हवाई दलात, मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत गेलेले. पोरगा अभ्यासात हुशार, खेळात पुढे, कॉलेजात असतानाच कथास्पर्धेत बक्षिसं मिळवलेली. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला मर्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला, विल्यम ब्लेकच्या कवितेत बुडाला आणि मधल्या वेळात मुष्टियुद्धही खेळला. परत येऊन घरच्या रिवाजाप्रमाणे सैन्यात भरती. रेंजरचं खडतर प्रशिक्षण, मग हेलिकॉप्टर पायलट, पश्चिम जर्मनीत नेमणूक, कॅप्टनचा हुद्दा. १९६५ मध्ये त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी साहित्य शिकवायची नेमणूक मिळाली. आपल्या आयांनी पेढे वाटले असते.

पठ्ठ्याने ती नाकारली, सैन्य सोडलं आणि नॅशव्हिलला गेला. गाणी लिहायला!

नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची पंढरी. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावाकडच्या, कष्टकरी माणसांचं गाणं: गिटार, फिडल, साधी चाल आणि त्यात एक गोष्ट. दारू, रस्ता, तुटलेला संसार, रविवारचं चर्च. शिकल्या-सवरलेल्या घरांत तेव्हा या गाण्याला काडीची किंमत नव्हती. घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. चौदा वर्षांच्या वरचं कुणी असलं संगीत ऐकत नाही, अशा अर्थाचं पत्र आईने पाठवलं होतं, हे तो पुढे स्वतःच हसत सांगायचा. हसत, पण आयुष्यभर सांगत राहिला, यावरून काय ते समज.

नॅशव्हिलमध्ये त्याला कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत झाडूवाल्याचं काम मिळालं. ऑक्सफर्डचा पदवीधर, सैन्यातला कॅप्टन, आणि काम काय, तर ॲशट्रे रिकाम्या करणं. १९६६ मध्ये बॉब डिलन, तेव्हाचा गाजलेला गायक-गीतकार, तिथे 'ब्लाँड ऑन ब्लाँड' ही तबकडी रेकॉर्ड करत होता. हा त्याच खोल्या झाडत होता, पण बोलायची हिंमत केली नाही. स्टुडिओतल्या माणसांना त्रास दिला तर नोकरी जायची. घरी बायको, मुलं, एका मुलाच्या आजारपणाचा मोठा खर्च. मग त्याने लुइझियानात दुसरी नोकरी धरली, मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर कामगारांना हेलिकॉप्टरने नेण्या-आणण्याची. आठवडाभर तिकडे उडायचं आणि आठवडाभर नॅशव्हिलमध्ये गाणी घेऊन दारोदार हिंडायचं. 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' हे त्याचं गाणं समुद्रातल्या अशाच एका तेलाच्या फलाटावर बसून लिहिलेलं. एका रात्रीपुरती सोबत मागणारं इतकं उघडं गाणं कंट्रीत तोवर फारसं कुणी लिहिलं नव्हतं. सॅमी स्मिथ नावाच्या बाईने ते गायलं आणि १९७१ मध्ये देशभर गाजलं.

हेलिकॉप्टरची एक गोष्ट तर दंतकथाच झाली आहे. जॉनी कॅश हा तेव्हाचा कंट्रीतला सगळ्यात मोठा माणूस. क्रिसने त्याच्यापर्यंत गाणी पोचवायचे बरेच उपाय केले, पण डाळ शिजेना. शेवटी एके दिवशी त्याने कॅशच्या घरासमोरच्या हिरवळीवर हेलिकॉप्टरच उतरवलं. पुढे कॅश रंगवून सांगायचा, की हा एका हातात बिअर आणि दुसऱ्या हातात टेप घेऊन खाली उतरला. क्रिस म्हणायचा, कॅशची कल्पनाशक्ती दांडगी आहे. मी हेलिकॉप्टर चालवताना पीत नसे आणि त्या दिवशी कॅश घरी नव्हताच! मला क्रिसचं खरं वाटतं, पण गोष्ट म्हणून कॅशचीच सरस आहे. हेलिकॉप्टर उतरलं होतं एवढं मात्र दोघांनाही मान्य.

आता 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन'. रविवारी सकाळी एकटा माणूस उठतो, डोकं जड, नाश्त्याला बिअर, त्यातल्या त्यात स्वच्छ असलेला मळका शर्ट चढवतो आणि गावातून चालत निघतो. कुणाच्या तरी घरातून चिकन तळल्याचा वास येतो, आणि आपण काय गमावलं ते त्या वासाने त्याला कळतं. गाण्यात घडतं ते इतकंच. १९७० मध्ये कॅशने ते आपल्या टीव्ही कार्यक्रमात, नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात गायलं. गाण्यात नशेत असण्याचा एक शब्द आहे. वाहिनीच्या लोकांनी सांगितलं, तो बदला, घराघरांत बघतात. क्रिस वर बाल्कनीत बसलेला. कॅश त्या ओळीशी आला, त्याने वर क्रिसकडे पाहिलं आणि शब्द जसाच्या तसा ठेवून गायला. त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. झाडूवाल्याचं काम संपलं.

आणि बाळ्या, हॉस्टेलवर ज्या कॅसेटची आपण पार वाट लावली, तिच्यातलं रॉक गायिका जॅनिस जॉपलिनचं 'मी अँड बॉबी मगी' हेही यानेच लिहिलेलं. फ्रेड फॉस्टर या निर्मात्याने त्याला नुसतं शीर्षक सुचवलं होतं, तेही शेजारच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीच्या आडनावावरून, आणि यालाही आडनाव चुकीचं ऐकू आलं. मग फेलिनीचा 'ला स्त्रादा' हा इटालियन सिनेमा डोक्यात ठेवून त्याने रस्त्यावर भटकणाऱ्या दोघांची गोष्ट रचली. जॅनिसने ते १९७० मध्ये रेकॉर्ड केलं आणि थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, ती गेली. गाणं १९७१ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. क्रिसने तिचं गाणं ऐकलं तेच ती गेल्यावर.

त्याच्या स्वतःच्या गळ्याबद्दल काय सांगू? फॉस्टरने त्याला 'तू स्वतःच गा' म्हटलं, तेव्हा हा म्हणाला होता, की माझा आवाज बेडकासारखा आहे. बरोबरच होतं त्याचं. खर्जातला, खरखरीत, वरच्या सुरात गेला की डुगडुगणारा. आपल्याकडे गायक-नट म्हटलं की संगीत नाटकं डोळ्यांपुढे येतात. तिथे गळा आधी, अभिनय मागाहून. याच्याकडे गळा नव्हता आणि अभिनयाचं शिक्षणही नव्हतं. पण मला वाटतं, गळा नव्हता म्हणूनच गाणी तशी झाली. आपल्याला काय गाता येणार नाही हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलेली गाणी ती. हरकती-मुरक्यांवर भिस्त नाही, सगळा भार शब्दांवर. त्यामुळे ज्याच्याकडे खरा आवाज आहे त्याला त्यात ऐसपैस जागा मिळते. कॅश, जॅनिस, रे प्राइस, विली नेल्सन, प्रत्येकाने येऊन आपापलं बिऱ्हाड थाटलं. विलीने तर १९७९ मध्ये फक्त याच्या गाण्यांची अख्खी तबकडी काढली.

सिनेमातही तेच. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रुबडोर क्लबात तो गायला लागला आणि हॉलिवूडच्या लोकांची नजर पडली. देखणा, निळ्या डोळ्यांचा, बोलण्यात आढेवेढे नाहीत. १९७२ चा 'सिस्को पाइक' हा त्याचा पहिला मोठा सिनेमा. पुढच्या वर्षी दिग्दर्शक सॅम पेकिन्पाने त्याला 'पॅट गॅरेट अँड बिली द किड'मध्ये बिली, म्हणजे तिकडचा दंतकथा झालेला दरोडेखोर, केलं. खरा बिली मेला तेव्हा एकविशीत होता, हा छत्तीसचा! पण बघताना हिशेब आठवत नाही. गंमत बघ, त्याच सिनेमात बॉब डिलनही आहे. ज्याच्या ॲशट्रे उपसल्या, तो सात वर्षांनी याच्या हाताखालचा गुंड म्हणून हिंडतोय.

मग १९७४ मध्ये स्कॉर्सेसीचा 'अॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर'. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन गाणारी व्हायला निघालेली बाई, आणि तिला वाटेत भेटणारा हा शेतकरी. तो फारसं काही करत नाही. नीट ऐकतो, हसतो, एकदा चिडतो. ऑस्कर त्या बाईचं काम करणाऱ्या एलन बर्स्टिनला मिळालं आणि ते तिचंच होतं. पण समोरच्याला फुलू देणारा नट किती दुर्मीळ असतो, हे तुला नाटकवाल्याला वेगळं सांगायला नको.

१९७६ चा 'अ स्टार इज बॉर्न' मात्र त्याच्या एकट्याच्या खांद्यावर अर्धा उभा आहे. लेडी गागाचा पाहिलास ना, त्याच्या आधीचा, बार्बरा स्ट्रायसँडचा. ही भूमिका आधी एल्विस प्रेस्लीसाठी घाटत होती, पण जमलं नाही. दारूत बुडत चाललेला रॉक गायक आणि वर चढत चाललेली त्याची बायको. सिनेमा मला लांबलेला वाटतो. तो स्वतः मात्र त्यात पिऊन गेलेला माणूस म्हणून नको इतका खरा वाटतो. खरंच तो तेव्हा भयंकर प्यायचा. पडद्यावर स्वतःचा मृत्यू पाहिला, आपल्या घरच्यांचं काय होईल ते दिसलं आणि दारू सोडली, असं त्याने नंतर सांगितलंय. गोल्डन ग्लोबही मिळालं. माझ्या मते दारू सुटली हे बक्षीस मोठं.

आणि मग १९८०, 'हेवन्स गेट'. मायकेल सिमिनोचा साडेतीन तासांचा वेस्टर्न, वायोमिंगमधले गुरांच्या कळपांचे बडे मालक आणि गरीब स्थलांतरित शेतकरी यांच्यातल्या १८९२ च्या लढ्यावर. खर्च ४ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास. न्यूयॉर्कला लागला आणि आठवडाभरात उतरवावा लागला. युनायटेड आर्टिस्ट्स ही चॅप्लिनच्या पिढीने उभारलेली कंपनी त्या दणक्यात विकली गेली. मुख्य भूमिकेत आपला क्रिस. पुढे त्या सिनेमाचं पुष्कळ कौतुक झालं, पण नायक म्हणून याची गाडी तिथे रुळावरून घसरली ती घसरलीच. त्याच सुमारास गायिका रिटा कूलिजबरोबरचं त्याचं दुसरं लग्नही मोडलं.

मला तो खरा आवडतो तो इथून पुढे. १९८५ मध्ये कॅश, विली, कंट्रीतलाच वेलन जेनिंग्ज आणि हा, असे चौघे 'हायवेमेन' म्हणून एकत्र आले. त्या तिघांपुढे याचा आवाज म्हणजे अगदीच लिंबूटिंबू. पण लाज नाही, संकोच नाही, आपलं कडवं आलं की गाऊन मोकळा. दुसरीकडे मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातल्या अमेरिकेच्या उचापतींविरुद्ध गाणी लिहायला लागला. कंट्रीचे श्रोते म्हणजे झेंड्याला सलाम ठोकणारे. धंद्याच्या दृष्टीने आत्मघातच, पण माजी कॅप्टन बधला नाही.

१९९२ च्या ऑक्टोबरातली एक चित्रफीत तू यूट्यूबवर जरूर बघ. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला डिलनच्या गौरवाची मैफल. आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरने दोनच आठवड्यांपूर्वी टीव्हीवर पोपचा फोटो फाडलेला. तिला मंचावर बोलावणारा क्रिस. प्रेक्षक हुर्यो उडवायला लागले, थांबेनातच. क्रिसला सांगण्यात आलं, तिला खाली आण. तो गेला, पण खाली आणायला नव्हे. तिच्या कानाशी लागून म्हणाला, या हरामखोरांपुढे खचू नकोस. ती ताठ उभी राहून गायली, आत आली तेव्हा याने तिला मिठीत घेतलं. एवढ्या मोठमोठ्या मंडळींनी भरलेल्या त्या रात्री तिच्या बाजूने पुढे झालेला माणूस हा.

अभिनय म्हणशील तर त्याचं सगळ्यात चांगलं काम साठीला आलं, जॉन सेल्सच्या 'लोन स्टार'मध्ये, १९९६ साली. टेक्सासच्या सीमेवरचं गाव, म्हणजे याच्या जन्मगावासारखंच, आणि हा तिथला जुना शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, चार्ली वेड. लाचखाऊ, वर्णद्वेषी, खुनी. तोवर पडद्यावर बहुतेक भला माणूस म्हणून उभा राहिला, आणि इथे तेच निळे डोळे, तेच हसू वापरून अंगावर काटा आणतो. आवाज चढवत नाही. नुसता खुर्चीत रेलून बोलतो आणि समोरच्याचा घास घशात अडकतो. सिनेमाभर त्याचे प्रसंग मोजकेच, पण तो पडद्यावर नसतानाही गाव त्याच्याच दहशतीत आहे असं वाटत राहतं. तुझा 'ब्लेड' त्यानंतरचा, १९९८ चा. त्याने त्याला नवा, तरुण प्रेक्षक मिळाला, तुझ्या चिरंजीवांसकट.

शेवटची काही वर्षं तो एकटाच गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन कार्यक्रम करायचा. स्मरणशक्ती दगा द्यायला लागली. डॉक्टर अल्झायमर म्हणत होते, २०१६ मध्ये निदान झालं लाइम आजाराचं, गोचिडीच्या चाव्यातून होतो तो. उपचारांनी बराच सावरला. २०२१ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि २८ सप्टेंबर २०२४ ला हवाई बेटांवर, माउईमध्ये, राहत्या घरी गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता.

आता तू काय करायचंस ते ऐक. 'लोन स्टार' मिळव आणि वहिनींबरोबर बघ, मुलांबरोबर नको. गाण्यांत 'संडे मॉर्निंग' आधी त्याच्या आवाजात ऐक, मग कॅशच्या. पहिल्या फेरीत तू तोंड वाकडं करणार हे मला माहीत आहे, किशोरीताईंवर पोसलेला कान तुझा. तरी तीन गाणी पूर्ण ऐकल्याशिवाय मला फोन करू नकोस. आणि केलास तर लोकलची वेळ सोडून कर.

तुझा,
नंदू