येशूच्या मरणाचा दोष शनिवार तेल्यांच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पवित्र सप्ताह आला की येशूच्या शेवटच्या दिवसांबद्दल वर्तमानपत्रांत चौकटी येतात, गावोगाव क्रूसाची वाट निघते, कुठे कुठे तरुण मुलं नाटकही बसवतात. या सगळ्यात एक वाक्य ठरलेलं असतं : 'यहुद्यांनी येशूला क्रूसावर दिलं.' हे वाक्य आम्ही ख्रिस्ती माणसांनीच आधी टाकून द्यायला हवं, आणि निदान आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर तरी ते कोणाच्या तोंडी येऊ नये, यासाठी हे पत्र.

मी कोर्लईचा. एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. घरात आमची पोर्तुगीज वळणाची गावबोली आणि देवळात मराठी, असं आमचं चालतं. गुड फ्रायडेच्या उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानातली प्रभूच्या दुःखसहनाची हकिगत वाटून वाचतात. येशूचे शब्द फादर वाचतात, रोमी अधिकारी पिलात, शिष्य पेत्र यांचे आणखी कोणी वाचतो आणि निवेदन गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. जमावाचे शब्द मात्र देवळात जमलेली सगळी मंडळी एका आवाजात म्हणते. 'त्याला क्रूसावर द्या!' हे ओरडायचं काम चर्चने आमच्याकडेच दिलं आहे. म्हाताऱ्या बायका, शाळकरी पोरं, वाडीतले भाजीवाले, सगळे ते म्हणतात. ज्याने ही रीत घालून दिली त्याला नीट ठाऊक असलं पाहिजे की दोष दुसऱ्याच्या दारात ढकलणं माणसाला किती सोपं जातं.

गेल्या वर्षी एका गावी मी असंच एक नाटक बघायला गेलो होतो. मुलांनी मेहनत खूप घेतली होती. पण प्रमुख याजक आणि शास्त्री झालेल्या पोरांच्या छातीवर सोनेरी कागदाचे मोठाले सहा टोकांचे तारे, यहुद्यांची खूण म्हणून, चिकटवलेले. येशूच्या, मरियेच्या, शिष्यांच्या अंगावर एकही तारा नाही. आणि निवेदक माइकवरून पुनःपुन्हा सांगत होता, 'यहुद्यांनी आपल्या प्रभूला मारलं.' माझ्या पुढे बसलेल्या लहान पोराने बापाला विचारलं, 'बाबा, यहुदी म्हणजे कोण?' बाप म्हणाला, 'ते रे, अलिबागचे तेली.'

त्या बापाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरोखर तेवढंच ठाऊक होतं. पण त्या पोराच्या डोक्यात त्या संध्याकाळी काय जाऊन बसलं असेल, ते मला अजून सतावतं.

शाळेसाठी मी अलिबागला मामाकडे राहायचो. मामाची भाड्याची खोली इस्रायल आळीला लागून होती. शेजारच्या काकी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत घरात तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. वल्हांडणाचा सण जवळ आला की काकींच्या घराला सफेदी व्हायची, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लागायची, आंबवलेलं म्हणून जे असेल ते घराबाहेर जायचं. मग बेखमीर भाकऱ्या, आणि काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, गाळून केलेलं सरबत. मलाही पेलाभर मिळायचं. रात्री काका हिब्रूतून स्तोत्रं म्हणत आणि मधेच थांबून आम्हा पोरांना मराठीत सांगत की मिसर देशाच्या गुलामगिरीतून आपले वाडवडील कसे सुटले.

आणि बहुतेक त्याच सुमारास आमच्या देवळात पवित्र गुरुवारची मिस्सा. शुभवर्तमानात शिष्य येशूला विचारतात, 'आपण वल्हांडणाचं भोजन कुठे तयार करावं?' येशू कोणत्या जेवणाला बसला होता हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. काकींच्या घरात ज्याची तयारी चालायची, त्याच सणाचं ते जेवण. त्याने हातात घेतलेली भाकर बेखमीर, त्याने उचललेला प्याला सणाचा. जेवण झाल्यावर ते सगळे स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असं मत्तय आणि मार्क दोघंही सांगतात. वल्हांडणाच्या रात्री म्हणायची स्तोत्रं परंपरेने ठरलेली आहेत, बायबलच्या स्तोत्रसंहितेतली ११३ ते ११८. येशू यरुशलेमेत आला त्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी 'होसान्ना, प्रभूच्या नावाने येणारा धन्यवादित असो' असा घोष केला, तोही ११८ व्या स्तोत्रातलाच. म्हणजे रविवारच्या रस्त्यावरचा घोष आणि काकांच्या ओटीवरून ऐकू येणारा आवाज यांचं उगमस्थान एक आहे.

आता त्या जमावाबद्दल. 'रविवारी होसान्ना म्हणणारेच शुक्रवारी उलटले' हे मी इतक्या प्रवचनांत ऐकलं आहे की ते शुभवर्तमानातच लिहिलेलं असावं असं वाटतं. चारही शुभवर्तमानांत ते कुठेही नाही. जे आहे ते वेगळंच आहे. लूक म्हणतो, त्या दिवसांत येशू रोज मंदिरात शिकवत होता, लोक भल्या पहाटे उठून त्याचं ऐकायला येत होते, त्याच्या शब्दांत गुंतून पडले होते. मार्क म्हणतो, लोकसमुदाय त्याचं आनंदाने ऐकत असे. प्रमुख याजक आपसांत काय बोलतात? 'सणात नको, लोकांत दंगा होईल.' त्यांना धास्ती लोकांची होती, कारण लोक येशूच्या बाजूचे होते. येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत त्यांना कशाला हवा होता? लूकने अगदी स्पष्ट लिहिलं आहे : गर्दी नसताना येशूला पकडून देण्यासाठी. म्हणून रात्र निवडली, जैतुनाच्या डोंगरावरचं गेथशेमाने निवडलं. मार्कच्या सांगण्याप्रमाणे पहाट होताच त्याला पिलाताकडे नेलं आणि सकाळी नऊच्या सुमारास तो क्रूसावर होता. सणासाठी गालीलाहून चालत आलेली साधी माणसं तोवर कितीशी जागी झाली असतील? पिलाताच्या वाड्यासमोर त्या वेळी जमलेल्यांना मुख्य याजकांनी चिथावलं, हे मार्क लिहितो. ते चार लोक म्हणजे एक अख्खी जात, एक अख्खा धर्म, आणि पुढच्या दोन हजार वर्षांतली त्यांची मुलंबाळं, हे कुठल्या हिशेबाने?

उलट जागे झाले ते लोक काय करत होते तेही लूकने लिहून ठेवलं आहे. मोठा जमाव त्याच्या मागे चालला होता, बाया ऊर बडवून रडत होत्या. सगळं संपल्यावर पाहायला आलेले लोक छाती पिटत परत गेले. क्रूस उचलायला लावलेला कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता. देह मागायला पिलातासमोर गेलेला अरिमथाईकर योसेफ येशूला दोषी ठरवणाऱ्या यहुदी न्यायसभेचा सभासद होता आणि त्याने त्या निर्णयाला संमती दिली नव्हती. गंधरस आणि अगरू घेऊन आलेला निकदेम हाही यहुदी पुढारी. या माणसांच्या छातीवर नाटकात कोणी तारा लावत नाही.

क्रूसावर देणं ही शिक्षा रोमची. गुलामांसाठी, बंडखोरांसाठी. पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदीयाचा रोमी अधिकारी होता, आणि शुभवर्तमानातच एका ठिकाणी येतं की त्याने गालीलकरांचं रक्त त्यांच्याच यज्ञबलींच्या रक्तात मिसळलं होतं. 'मी निर्दोष' म्हणत हात धुणारा हळवा माणूस एवढंच त्याचं चित्र रंगवणं खरं नाही. प्रमुख याजकाची गादी त्या काळी रोमी अधिकाऱ्याच्या मर्जीवर होती. तेव्हाचा प्रमुख याजक कैफा याने जे केलं त्याचं समर्थन मी करत नाही. पण तो परक्या सत्तेखाली गादी टिकवणारा पुढारी होता. 'रोमी येतील आणि आपलं स्थान व राष्ट्र दोन्ही घेतील' हे याजकांच्या सभेतलं बोलणं योहानाने नोंदवलं आहे. क्रूसावर लावलेल्या पाटीवरचा आरोपही राजकीयच आहे, 'यहुद्यांचा राजा'. आणि आमच्या विश्वासाच्या कबुलीत येशूच्या मरणाशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे. ते पिलाताचं.

मत्तयाच्या शुभवर्तमानातलं एक वचन कोणीतरी मला दाखवेल, म्हणून आधीच लिहितो. 'त्याचं रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो.' ते आहे. या एका ओळीने युरोपात शतकानुशतकं निरपराध माणसांचे जीव घेतले. पण त्याच मत्तयाने एक अध्याय आधी त्याच रक्ताबद्दल येशूचे शब्द लिहिले आहेत : ते पुष्कळांसाठी, पापांच्या क्षमेसाठी ओतलं जात आहे. ते रक्त कोणावर पडलं तर त्याला शाप लागतो असं ख्रिस्ती माणूस कसं म्हणू शकतो?

मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यात जास्त हलवणारी ओळ शनिवारची आहे, जिच्यावर कधी प्रवचन होत नाही. शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने देह कबरेत ठेवला, कारण शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुरू होत होता. गालीलाहून आलेल्या बायकांनी कबर पाहिली, परत जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली, आणि लूक लिहितो, शब्बाथ दिवशी त्यांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. आपलं माणूस असं गेलेलं, द्रव्यं तयार ठेवलेली, कबर ठाऊक, आणि तरी त्या शनिवारभर थांबल्या. आमच्या किनाऱ्यावरच्या घाण्यांचे बैल याच शनिवारी उभे राहायचे. नवगावजवळ जहाज फुटून जी मोजकी माणसं वाचली असं बेने इस्रायली सांगतात, त्यांच्या वंशजांनी ग्रंथ हाताशी नसतानाही हा एक दिवस सोडला नाही. त्या बायकांचा शनिवार आणि काकींच्या सासऱ्यांचा शनिवार एकच.

आमच्याकडे हा दोष फक्त बोलण्यातच राहिला असंही नाही. खाडीपलीकडे रेवदंड्याचा कोट, अलीकडे आमचा कोर्लईचा किल्ला, दोन्ही १७४० पर्यंत पोर्तुगीजांचे. त्यांनीच १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणारं धर्मन्यायालय, आणलं. ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांवर, ते घरात गुपचूप शब्बाथ पाळतात एवढ्या संशयावरून, खटले झाले. इथल्या औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या बहिणीला जाळलं. तो स्वतः मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, त्याची हाडं उकरून जाळली. आमचा धर्म याच सत्तेबरोबर या किनाऱ्यावर आला. माझी श्रद्धा त्याने कमी होत नाही, पण बोलताना जबाबदारी वाढते.

चर्चने उशिरा का होईना, हे मान्य केलं. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना 'विश्वासघातकी' म्हणणारा शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की येशूच्या दुःखसहनात जे घडलं त्याचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर सरसकट ठेवता येत नाही आणि आजच्या यहुद्यांवर तर नाहीच. आजही शुक्रवारच्या प्रार्थनांत एक यहुदी लोकांसाठी असते, देव ज्यांच्याशी सर्वांत आधी बोलला ते लोक म्हणून. इतकं होऊनही आमच्या मुलांपर्यंत हे पोचलेलं नाही, ही आमची हयगय आहे.

इस्रायल देशाच्या आजच्या राजकारणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, माझंही आहे. त्याचा संबंध इथे जोडू नये, एवढंच म्हणेन. १९४८ नंतर इथली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. अलिबाग, रेवदंड्याची सिनेगॉग उभी आहेत, माणसं थोडी. अलिबाग-मुरुड गाडीवर असताना तिकडून आलेली मंडळी भेटायची, पेणकर, किहीमकर, नवगावकर अशा आडनावांची. आजोबांचं घर शोधायला निघालेली. 'रेवदंड्याला दोन द्या, मास्तर' हे ते इथल्याच हेलात म्हणायचे. अशा माणसाच्या कानावर त्या संध्याकाळचा माइक पडला असता तर?

म्हणून नाटक बसवणाऱ्या मुलांना विनंती. तारा लावायचा तर येशूपासून यहूदापर्यंत सगळ्यांना लावा, नाहीतर कोणालाच नको. खिळे मारणारे हात रोमी शिपायांचेच दाखवा. शिमोन, योसेफ, निकदेम आणि रडणाऱ्या बाया गाळू नका. धर्मगुरूंना विनंती, की योहानाची हकिगत वाचण्याआधी दोन वाक्यांत सांगावं की योहान ज्यांना दोष देतो ते पुढारी होते आणि लिहिणारा स्वतः यहुदी होता. आमच्याकडे फादरांच्या परवानगीने मी ते सांगतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आणि संपादक महोदय, आपल्या चौकटीत 'रोमी सुभेदार पिलात याच्या हुकुमाने' एवढं छापावं. ते खरंही आहे आणि जागाही तितकीच लागते.

कुठल्या गावच्या मंडळाला संहिता लिहायला मदत हवी असेल तर मी यायला तयार आहे. चारही शुभवर्तमानांतली वचनं वार लावून एका वहीत उतरवून ठेवली आहेत.

आपला,
एक वाचक
कोर्लई, ता. मुरुड, जि. रायगड