14 नंबरच्या प्लॉटवरचा भराव आणि सामाईक भिंत: अध्यक्षांना तिसरे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहरचना संस्था, बावधन, पुणे

दि. 17 मे

विषय: प्लॉट क्र. 14 वरील मातीभराव पावसाळ्यापूर्वी मागे घेण्याबाबत

स. न. वि. वि.

याच विषयावर 22 फेब्रुवारी आणि 2 एप्रिलला पत्रे दिली. दोन्हींची पोच आहे, उत्तर एकाचेही नाही. मार्चच्या सभेत ‘दोन सभासदांमधील खासगी बाब’ एवढीच नोंद झाली. भिंत दोन सभासदांची नाही. मंजूर नकाशात ती सामाईक आहे आणि तिची डागडुजी देखभाल खात्यातून होते. म्हणून या वेळी मापांसकट लिहितो.

14 नंबर वरच्या अंगाला, माझा 15 नंबर खालच्या. मूळ उतार साधारण आठास एक. प्लॉट समतल करताना वरची कटाई टाळून सगळा भराव खालच्या टोकाला टाकला आहे. भिंतीलगत त्याची उंची 5 फूट, मागे 40 फुटांवर शून्य. भिंतीची लांबी 60 फूट. म्हणजे 6000 घनफूट, 60 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). वॉचमनच्या वहीत तीन ब्रासच्या डंपरच्या 21 खेपा आहेत. हिशोब जुळतो, आणि त्यातूनच कळते की रोलर फिरलेला नाही. थर दाबून भरले असते तर तेवढ्याच जागेत 75 ब्रासच्या आसपास सुटी माती लागली असती, खेपा 25 झाल्या असत्या.

न दाबलेला भराव पहिल्या मोठ्या पावसात बसतो. जिथे तो सर्वांत जाड तिथे सर्वांत जास्त बसतो, म्हणजे भिंतीलगतच. वरून सपाट दिसणारी जमीन मग भिंतीकडे कलते आणि सगळ्या प्लॉटचे पाणी तिथे येऊन थांबते. त्यात हा भराव नुसता मुरूम असता तर एक वेळ समजले असते. काळी माती, पाडलेल्या बांधकामाच्या विटा, टाइल्सचे तुकडे असे सगळे त्यात आहे. काळी माती उन्हाने आकसून भिंतीपासून सुटते, त्या फटीतून पाणी थेट खाली जाते आणि मग तीच माती फुगून भिंतीला रेटते.

आपली भिंत सहा इंची सॉलिड ब्लॉकची, साडेसहा फूट उंच, दहा-दहा फुटांवर खांब, पाया दोन फूट. ती आडोशासाठी बांधलेली कंपाउंड वॉल आहे, मातीचा रेटा पेलणारी रिटेनिंग वॉल नाही. पाच फूट कोरड्या भरावाचा रेटा दर मीटर लांबीला सुमारे 0.7 टन येतो. मागे पाणी भरले की तोच रेटा दीड टनाच्या जवळ जातो, आणि त्यातला सव्वा टनाच्या आतबाहेरचा वाटा एकट्या पाण्याचा असतो. तेवढ्याच लांबीत भिंतीचे स्वतःचे वजन 650 किलो. पाणी बाहेर पडायला भिंतीत एकही भोक (वीप होल) नाही.

तिसऱ्या खांबाला लागून उभी भेग आहे. भेग वाढली तर कळावे म्हणून 30 एप्रिलला तिच्यावर प्लास्टरमध्ये काचेची पट्टी बसवली, आणि भिंतीचा कल मोजायला ओळंबा लावला. भिंत पाच फुटांत 22 मिमी बाहेर होती. वळवाच्या दोन सरींनंतर, 14 मे रोजी, पट्टी मधोमध तुटलेली होती आणि ओळंबा 31 मिमी दाखवत होता. खालच्या दोन थरांचे ब्लॉक अजून ओले आहेत. बोट लावले तर गिलाव्याची भुकटी हाताला येते. समितीपैकी कोणीही येऊन हे पाहावे. अजून कोणी आलेले नाही.

सचिवांचे म्हणणे असे की हा भाग डोंगरउताराच्या नियमात येत नाही. बरोबर आहे, यूडीसीपीआरमधली (राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतली) बंदी एकास पाचपेक्षा तीव्र उतारासाठी आहे. पण तेवढ्याने बाकीचे कायदे सुटत नाहीत. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम), 1966 च्या कलम 2(7) मधील ‘विकास’ या व्याख्येत जमिनीवरची अभियांत्रिकी कामेही येतात. 14 नंबरवर परवानगीचा फलक नाही, समितीकडे त्या कामाच्या मंजूर नकाशाची प्रत नाही. विनापरवाना काम थांबवण्याची नोटीस कलम 54 खाली निघते. मातीवर सरकारी रॉयल्टी लागत नाही असेही सांगितले जाते. पण सर्वोच्च न्यायालयाचा तो 2014 चा निर्णय त्याच प्लॉटवर खणून तिथेच वापरलेल्या मातीपुरता आहे. ही माती गेटमधून आली आहे. वाहतूक परवाने दाखवायला सांगावे, प्रश्न मिटेल.

12, 13, 16 आणि 17 नंबरच्या सभासदांचेही हेच मत आहे. संबंध बिघडतील म्हणून ते सभेत बोलत नाहीत.

ही पहिली वेळही नाही. दोन वर्षांपूर्वी 14 नंबरच्या बोअरचा गाळ पावसाळी गटारात सोडला गेला आणि सहा नंबरचे चेंबर भरले. सफाईचा खर्च सर्वांवर पडला. नंतर खडीचा ढीग रस्त्यावर सात आठवडे होता. तेव्हाही लेखी कळवले होते. 15 नंबरला मात्र भिंतीवर तीन कुंड्या ठेवल्याबद्दल ‘भिंतीवर भार येतो’ अशी नोटीस आली होती. कुंड्या त्याच दिवशी उतरवल्या. नियम सर्वांना सारखा असावा, एवढीच अपेक्षा आहे.

29 जून 2019 ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची भिंत खालच्या झोपड्यांवर पडली, 15 जण गेले. आपल्या भिंतीखालच्या बोळातून दूधवाले, सिलिंडरवाले, घरकामाला येणाऱ्या बायका रोज जातात.

मृग लागायला तीन आठवडे आहेत. गेटवर भरावाचे डंपर आजपासून थांबवावेत. भिंतीपासून किमान दीड मीटर पट्टा मूळ जमिनीपर्यंत मोकळा करून पुढचा भराव दीड आडवे, एक उभे अशा उतारावर आणावा. एक जेसीबी आणि दोन डंपर लावले तर हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. उताराच्या माथ्यावर फूट बाय फूट चर, शंभरास एक ढाळ, शेवट पावसाळी चेंबरमध्ये. उतारावर ताडपत्री. उचललेला राडारोडा महापालिकेच्या वाघोलीच्या प्रकल्पात जावा, मागच्या मोकळ्या प्लॉटवर नको. 14 नंबरला पुढे समतल जमीन हवीच असेल तर पावसाळ्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइनने, स्वतःच्या हद्दीत आणि स्वखर्चाने आरसीसी रिटेनिंग वॉल बांधावी: दीड मीटरवर 100 मिमीचे वीप होल, पाठीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर, मुरूम 20 सेंमीच्या थरांत पाणी मारून दाबलेला. त्याला कोणाचीही हरकत नाही, 15 नंबरची तर नाहीच.

उपविधींप्रमाणे तक्रारीवर पुढच्या सभेत निर्णय होऊन तो 15 दिवसांत लेखी कळवायचा असतो. पहिल्या पत्राला 84 दिवस झाले. 25 मेपर्यंत लेखी उत्तर आले नाही तर हेच पत्र, ओळंब्याच्या नोंदी आणि वॉचमनच्या वहीचे फोटो कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयात आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दिले जातील.

कळावे,
आपला,
सभासद, प्लॉट क्र. 15

ता. क. ओळंबा भिंतीवर तसाच लावून ठेवला आहे. कृपया कोणी काढू नये.