चेगू, तुमच्यामुळे आचेत बुऱ्हाणपूर भेटलं

आदरणीय चेगू,

क्वालालंपूरमध्ये शिक्षकांना सगळे चेगूच म्हणतात, म्हणून मीही. पत्र मराठीत लिहितोय, कारण ‘सुट्टीच्या दिवशी त्या मास्तरांकडे जाऊन वाचतोस तरी काय?’ असं घरचे विचारत असतात. त्यांनाही उत्तर मिळेल. तुम्हाला मी ते माझ्या मोडक्यातोडक्या मलयमध्ये वाचून दाखवीनच.

तुम्ही सुरुवात केलीत जावी लिपीपासून. अरबी अक्षरांत मलय लिहायची तर प आणि ङ आणायचे कुठून? ‘फे’वर तीन नुक्ते दिले की प, ‘ऐन’वर तीन दिले की ङ. एवढं जमल्यावर तुम्ही पुढ्यात थेट ‘सबीलुल मुहतदीन’ ठेवलंत. बोर्निओतल्या बंजारच्या अर्शद यांनी अठराव्या शतकात लिहिलेला हा धर्मशास्त्राचा ग्रंथ, आणि त्याच्याच समासात छापलेलं नूरुद्दीन रानिरीचं ‘सिरातुल मुस्तकीम’, शंभरावर वर्षं आधीचं. एकाच पानावर दोन पंडित! मलेशियातल्या केलांतानच्या पोंडोकमध्ये, म्हणजे तिथल्या निवासी धर्मशाळेत, तुम्ही असेच ग्रंथ शिकलात, गुरू वाचतील तसा ओळीखाली पेन्सिलीने अर्थ लिहीत. माझ्याकडूनही तसंच करवून घेतलंत. त्या बारीक अक्षरांपुढे माझा चष्मा बदलायची वेळ आली, ते असो.

खरे आभार आहेत ते सतराव्या शतकातल्या आचेच्या वादाबद्दल. सुमात्राच्या टोकावरच्या या सल्तनतीत हमझा फन्सुरी आणि शम्सुद्दीन यांनी ईश्वर आणि सृष्टी यांच्या एकत्वाचा सूफी विचार मलय भाषेत रुजवला. 1637मध्ये सुरतेजवळच्या रांदेरहून रानिरी आला, सुलतान इस्कंदर थानीची मर्जी मिळवली, आणि या पंथाला पाखंडी ठरवून त्यांची पुस्तकं मशिदीसमोर जाळायला लावली. सुलतान वारला, त्याची राणी सफियतुद्दीन गादीवर बसली, आणि 1644मध्ये रानिरीला आचे सोडावं लागलं.

याच वादात एकदा तुम्ही सहज म्हणालात, ‘आणि तो तुहफावाला तुमच्याकडचाच की.’ मुहम्मद इब्न फजलुल्लाह बुऱ्हाणपुरी! माझं गाव रावेर. बुऱ्हाणपूर आम्हाला शेजारचं. आमच्या लेखी ते म्हणजे मावा जिलेबी, आणि फार तर मुमताजची पहिली कबर. तिथल्या माणसाने 1590मध्ये अरबीत लिहिलेलं ‘तुहफा’ हे छोटं पुस्तक, अस्तित्वाच्या सात पायऱ्या सांगणारं, समुद्र ओलांडून सुमात्रा-जावात पोचलं आणि त्यावरून तिथे इतकी भवति न भवति झाली की मदिनेतल्या इब्राहिम कुरानी या पंडितांना जावी, म्हणजे या मलय मुलखातल्या, विद्यार्थ्यांसाठी त्यावर भाष्य लिहावं लागलं. खानदेशात जन्म काढला, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत.

कुरानींचे शिष्य अब्दुर्रऊफ सिंकिली अरबस्तानात 19 वर्षं शिकून 1661मध्ये आचेला परतले. तुमचा सगळा जीव यांच्यावर, हे लपत नाही. राणीच्या सांगण्यावरून त्यांनी न्यायव्यवहाराचा ग्रंथ लिहिला. मलयमधलं पहिलं संपूर्ण कुराणभाष्य त्यांचंच. ते पुढे इस्तंबूल, कैरोसारखं आपल्या मुंबईतही छापलं गेलं. पण तुम्ही मला थांबवून तीनदा वाचायला लावलात तो त्यांचा छोटासा उतारा: कुणाला काफिर म्हणू नका, तो खरंच तसा असेल तर बोलून काय साधणार, आणि नसेल तर तो आरोप तुमच्यावरच उलटेल. रानिरीचं नावही न घेता दिलेलं उत्तर. आमच्या कंपनीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा असाच धर्मावरून गदारोळ उठला, तेव्हा लिहिलेला मेसेज मी याच उताऱ्यामुळे पुसून टाकला होता. त्याचेही आभार घ्या.

रानिरीच्या बाबतीत मात्र आपलं अजून जमत नाही. एवढा व्यासंगी माणूस, सात भागांचा ‘बुस्तान’ हा ग्रंथ लिहिणारा, मलयला धर्मशास्त्राचा पाया घालून देणारा, असं तुमचं म्हणणं. सगळं मान्य. पण पुस्तकं जाळणाऱ्याला मी व्यासंगाचे गुण देऊन पास करणार नाही. दिवाळीला गावी जाऊन आलो की ‘बुस्तान’ काढू आणि परत भांडू. जिलेबी घेऊन येतो, तुमच्या शुगरचं काय ते काकूंना आधी विचारून ठेवा.

तुमचा विद्यार्थी