खोक्यावर १६० किलो, सीटखाली ११० किलो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: २२ इंची हेवी ड्युटी व्हीलचेअर बदलून न मिळाल्याबद्दल, आणि काल तुमचा माणूस माझ्या वडिलांबद्दल जे बोलला त्याबद्दल

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी सातव्यांदा बोललो. आता फोन करणार नाही, लेखी देतो आहे.

खुर्ची तुमची आहे, तिची माहिती मी द्यायला नको. तरी एकदा सीटचं रेक्झिन उचलून खाली बघा. खोक्यावर आणि बिलावर वजनक्षमता १६० किलो आहे. सीटखालच्या पाइपवर चिकटवलेल्या पट्टीवर ११० आहे. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, वजन १३२ किलो. ते मी ऑर्डर देतानाच सांगितलं होतं. बसल्यावर कमरेची रुंदी २० इंच, दोन्हीकडे एकेक इंच मोकळा धरून २२ इंची सीट, मांडीची लांबी, न्हाणीघराच्या दाराची रुंदी, सगळं टेपने मोजून व्हॉट्सॲपवर पाठवलं. जळगावच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं, नुसती सीटची रुंदी बघू नका, खालची कैची, म्हणजे सीटखालच्या फुलीसारख्या तिरक्या नळ्या, दुहेरी आहे का ते विचारा. मी विचारलं. "हो सर, डबल" असं उत्तर आलं. तो मेसेज माझ्याकडे आहे.

आली ती एकेरी कैचीची. साध्या खुर्चीच्याच सांगाड्याला लांब नळ्या लावून सीट तेवढी रुंद केलेली. नळी जितकी लांब तितकी ती भाराखाली जास्त वाकणार, हे आमच्या फैजपूरच्या वेल्डरला बघताक्षणी कळलं. तुमच्या कारखान्यात कोणालाच कळलं नाही का?

आप्पांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली आहे. पलंगावरून खुर्चीत येताना त्यांना हळू टेकता येत नाही, शेवटी अंग पडतंच, आणि तो दणका नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो. म्हणून तर वर शिल्लक ठेवून १६० किलोची मागवली होती, २४,५०० रुपये मोजून. अकराव्या दिवशी ओट्यावर कैचीचा जोड फाटला. धाकटा भाऊ शेजारी उभा होता म्हणून आप्पा पायऱ्यांवर गेले नाहीत.

त्यानंतर तुमच्या एकाने सांगितलं, तिथेच वेल्डिंग करून घ्या. दुसऱ्याने सांगितलं, वेल्डिंग केलं तर वॉरंटी जाईल. सीटखालच्या पट्टीचा फोटो मी तीनदा पाठवला. तीनदा उत्तर आलं, फोटो पाठवा.

आणि कालचा फोन. तो स्पीकरवर होता, कारण नवी खुर्ची कधी येते ते आप्पांना स्वतः ऐकायचं होतं. तुमच्या माणसाने विचारलं, "पेशंटचं वजन किती?" मी सांगितलं, १३२. तो शेजारच्या कोणाला तरी म्हणाला, "एकशे बत्तीस, अरे!" आणि दोघे हसले. ते हसू आमच्या ओट्यावर सगळ्यांनी ऐकलं. आई बसली होती, शेजारच्या काकू होत्या. मग मला म्हणाला, "सर, एवढ्या वजनाला कुठली खुर्ची टिकणार? आधी वजन कमी करा, मग बघू." मी म्हणालो, तुमच्या खोक्यावर १६० लिहिलंय. तो म्हणाला, "ते लिहायला असतं सर." मी नाव विचारलं. फोन कट झाला.

माझ्या वडिलांनी भुसावळला रेल्वेत ३१ वर्षं मालडबे दुरुस्त केले. डब्यावर जेवढा भार लिहिलाय तेवढा त्याने पेललाच पाहिजे, यासाठी त्यांनी हाडं झिजवली. त्यांना ऐकवता, ते लिहायला असतं? त्यांना बोलायला त्रास होतो, ऐकू मात्र स्वच्छ येतं. रात्री आईने कळण्याची भाकरी वाढली तर अर्धी मोडून परत ठेवली. "बास" एवढंच म्हणाले. या माणसाला आता हात आखडून जेवायला लावलंत तुम्ही.

आईने तुमच्याच कंपनीचा वॉकर सहा वर्षं वापरला, म्हणून मी दुसरीकडे चौकशीही केली नाही. याचं फार वाईट वाटतं.

दुहेरी कैचीची, सांगाड्यावरच १६० किलो लिहिलेली २२ इंची खुर्ची १५ दिवसांत द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. आप्पांच्या नावाने लेखी माफी वेगळी हवी. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी जळगावच्या जिल्हा आयोगात जाणार. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही, हे मी विचारून ठेवलं आहे. बिल, मेसेज, पट्टीचा फोटो, तुटलेली कैची, सगळं जपून ठेवलंय. खोक्यावर १६०, सीटखाली ११०. हे तुम्ही आयोगासमोर समजावून सांगा.

१७ दिवस झाले, आप्पा बाजेवर आहेत. एप्रिलच्या या उन्हात घर तापतं, आणि संध्याकाळी त्यांना ओट्यावर आणायला चार माणसं गोळा करावी लागतात.

तुटलेली खुर्ची न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला सांगून पाठवा, आप्पांसमोर वजनाचा विषय काढायचा नाही.

आपला ग्राहक,
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव