कोटींचा आकडा पुरे, रंगाची वाटचाल छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्याविषयी आपल्या दैनिकात जे जे छापून येतं, ते मी कापून वहीत चिकटवतो. २०१० साली लंडनच्या लिलावात त्यांचं ‘सौराष्ट्र’ १६ कोटींच्या वर गेलं, ती बातमी वहीत आहे. २०१६च्या जुलैत दिल्लीत त्यांचं निधन झालं, ती आहे. २०२३ मध्ये मुंबईत ‘जेस्टेशन’ ५१ कोटी ७५ लाखांना विकलं गेलं, तीही आहे. सगळ्या बातम्यांत आकडा ठळक टाइपात, चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि रझा म्हणजे ‘रंगांचे जादूगार’. माझी तक्रार याचबद्दल आहे. जादू म्हटलं की माणसाची मेहनत झाकली जाते, आणि या माणसाच्या मेहनतीची सुरुवात तर आपल्याच भागात झालेली आहे.

मी धामणगाव रेल्वे तालुक्यातला पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे नंबर, ग्रामपंचायतीच्या घोषणा, जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती, पोळ्याला बैलांची शिंगं, हे माझं काम. फ्लेक्स आल्यापासून पाट्या कमी झाल्या, भिंती तेवढ्या राहिल्या. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा दिल्या होत्या, पुढं शिकायची सोय झाली नाही. समीक्षक मंडळी त्यांच्या परीनं लिहितात, ते लिहोत. मी रंगात हात बुडवणाऱ्याच्या बाजूनं लिहितो आहे.

रझांचा जन्म १९२२चा, आताच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील वनखात्यात, त्यामुळं बालपण जंगलात गेलं. तेव्हा मंडला आणि आपला वऱ्हाड एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. सतराव्या वर्षी हा मुलगा चित्रकला शिकायला नागपूरलाच आला. १९३९ ते ४३ नागपूर स्कूल ऑफ आर्ट, त्यानंतर मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय. मुंबईत पोटासाठी त्यांनी छपाईचे ब्लॉक करणाऱ्या एका स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली. त्यांच्यावरच्या लेखांत ही नोकरी अर्ध्या ओळीत उरकतात. मला मात्र ती मोठी वाटते. छपाईत एकच चित्र रंगारंगांत वेगळं करावं लागतं आणि पुन्हा एकावर एक बसवावं लागतं. असं काम रोज जवळून पाहिलेल्या माणसाचा डोळा वेगळाच तयार होत असणार.

त्या काळातली त्यांची चित्रं जलरंगातली. मुंबईचे रस्ते, पावसाळी हवा, ओल्या रंगात विरघळलेल्या इमारती. छान आहेत, पण आज ज्याला आपण ‘रझांचा रंग’ म्हणतो तो त्यांत नाही. १९४८ साली ते काश्मीरला गेले. तिथं त्यांना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रं पाहून त्यांनी तोंडावर सांगितलं की हातात गुण आहे पण चित्राला बांधणी नाही, सेझां या चित्रकाराचं काम बघ. तेव्हा रझा सव्वीस वर्षांचे, मुंबईत नाव होऊ लागलेलं. तरी ते रागावले नाहीत. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १९५० साली पॅरिसला गेले आणि पुन्हा विद्यार्थी झाले.

यानंतरची दहा-बारा वर्षं मला सगळ्यांत जास्त शिकवतात. तिथं गेल्यावर त्यांनी रंग सोडून दिला असं नाही, पण आधी आकार घट्ट केला. १९५१च्या सुमाराची चित्रं पाहा. घरं एकमेकांना चिकटलेली, सरळ रेषांची, माणूस नाही, झाड नाही, आणि काही चित्रांत आकाशात चक्क काळा सूर्य. हा काळा सूर्य लक्षात ठेवावा, त्याच्याकडं मी पुढं येतो. मग तैलरंग आला. रंग जाड झाला, सुरीनं लावलेला, थरावर थर. फ्रान्समधली खेडी, चर्चं, रात्री, सगळं त्या जाड रंगात. तैलरंग कालवतात तो जवसाच्या तेलात. जवस म्हणजे आपलं रब्बीचं पीक. घरात चटणीला वापरतो तेच जवस तिकडं चित्राचा रंग धरून ठेवतं, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. या काळातल्या कामासाठी १९५६ साली पॅरिसमधल्या समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळत होता.

दुसरा कोणी इथंच थांबला असता. नाव झालं, पुरस्कार झाला, चित्रं विकली जात होती. रझा १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले. तिथं अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांची चित्रं पाहिली, ज्यांत नुसते रंगाचे मोठे पट्टे असतात आणि तेवढ्यावर चित्र उभं राहतं. हळूहळू घरं गेली, चर्चं गेली. तैलरंग जाऊन ॲक्रिलिक आला. ज्यानं दोन्ही लावले आहेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, शेजारचे रंग त्यात मिसळत राहतात, घाई केली की मळतात. ॲक्रिलिक बघता बघता वाळतो. त्यावर दुसरा हात मारला तरी खालचा रंग उचलला जात नाही. लाल लालच राहतो आणि पिवळा पिवळाच. त्यांचे रंग पुढं इतके निखळ दिसतात त्याला हे एक साधं, कामातलं कारण आहे. कोणत्याही बातमीत मी ते वाचलेलं नाही.

सत्तरच्या दशकात ते वरचेवर भारतात येत राहिले. राजस्थानचा तांबडा-पिवळा त्या वेळच्या चित्रांत उतरला आणि जुन्या लघुचित्रांसारखी हाशियाची, म्हणजे कडेच्या पट्टीची, चौकटही आली. चित्राचे कप्पे झाले, प्रत्येक कप्प्यात एकेक रंग कोंडलेला. कोंडला की रंग पेटतो, हे आम्हा पाट्या रंगवणाऱ्यांना ठाऊक असतं. मोकळ्या पांढऱ्यावर टाकलेला लाल थंड पडतो. त्यालाच काळी कड मारा, दुकानाची पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता येते.

आणि मग १९८०च्या आसपास बिंदू. लहानपणी लक्ष भटकतं म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याच्याकडं बघत बस म्हणून सांगितलं, ही गोष्ट आपण जवळपास प्रत्येक वेळी छापता. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे. पण ती अशी छापली जाते की जणू गुरुजींनी ठिपका काढला आणि तो थेट कॅनव्हासवर जाऊन बसला. मधली पन्नासेक वर्षं कुठं गेली? काळा सूर्य १९५१ सालीच आला होता. तो आधी गावावर टांगलेला होता, मग गाव नाहीसं झालं, मग रंगांना चौकटी मिळाल्या, आणि शेवटी तो गोल मध्यभागी येऊन बसला. तोवर रझांनी साठी गाठली होती. १९८१च्या ‘माँ’ या चित्रात त्यांनी देवनागरीत एक ओळही लिहिली. तीस वर्षं पॅरिसमध्ये राहून हा माणूस चित्रात आपली अक्षरं लिहितो, हे अक्षरांवर पोट भरणाऱ्याला केवढं वाटत असेल, तुम्हीच विचार करा.

त्यांचं बिंदूचं एक चित्र मी मुंबईत एका प्रदर्शनात प्रत्यक्ष पाहिलं आहे. छापील चित्रात तो गोल डबा ठेवून आखल्यासारखा गुळगुळीत दिसतो. जवळून तसा नाही. ब्रशचे फटकारे मोजता येतात. काळाही एकच नाही. मध्यभागी दाट, बाहेर जाताना करडा होत गेलेला, आणि कडेला कुठं खालचा तांबूस डोकावतो. लाल पट्ट्याची कड हातानं धरलेली आहे, किंचित थरथरते. त्या काळ्यामुळं शेजारचा लाल इतका तापला होता की मी मागं सरकलो. आमच्याकडं पोळ्याला बैल सजवताना हेच होतं. पांढऱ्या बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावला तर नुसता बरा दिसतो. काळ्या बैलाची शिंगं रंगवली, वर बेगड लावली, की तोरणाखाली गर्दी त्याच्याकडंच बघते. रझा काळ्याला सगळ्या रंगांची आई मानत. आमच्याकडं जाणते पेंटरही काळ्याचा डबा शेवटी उघडतात आणि जपून वापरतात.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. मागं एका शाळेत बोलक्या भिंतींचं काम मिळालं. एक भिंत तरी काळ्या ग्राउंडवर, म्हणजे मागचा रंग काळा ठेवून, करू द्या, त्यावर लाल, पिवळा, निळा असे मोठे आकार काढतो, पोरांना रंग कसा पेटतो ते दिसेल, असं मी म्हणालो. काळा अशुभ, असं कोणी कोणी म्हणालं. मी घरून रझांच्या चित्राचं आपल्या दैनिकातलं कात्रण आणलं आणि दाखवलं. त्या कात्रणात काळ्याचा झाला होता राख्या, लालाचा विटकरी, आणि पिवळा चौकट सोडून बाहेर सरकलेला. “पेंटर, यात काय आहे?” मला विचारलं गेलं. माझ्याकडं उत्तर होतं, पण दाखवायला चित्र नव्हतं. भिंत आकाशी झाली. दोन डोंगर, मधून नदी, कोपऱ्यात पिवळा सूर्य. तालुक्यातल्या निम्म्या शाळांत तीच आहे, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याच हातच्या आहेत.

खेड्यात चित्रांचं दालन नसतं. मुंबई-दिल्लीची दालनं आमच्या पोरांनी कधी बघावी? आमच्याकडं रोज सकाळी एसटीनं, नाहीतर पोऱ्याच्या सायकलवर, येतो तो पेपर. त्यात जे चित्र येईल तेच पोरं बघतील, त्याच रंगात बघतील. वहीत चिकटवतील, भिंतीवर लावतील. म्हणून छपाईतला लाल सरकला तर ती माझ्या लेखी लहान चूक नाही.

आणखी एक. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या वळणाच्या चित्रकारांचा गट स्थापन झाला त्यात सहा जण होते. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे. आपल्या लेखांत पहिली तीन नावं येतात आणि उरलेले ‘आदी’मध्ये जातात. त्या ‘आदी’मध्ये गेलेले हरी अंबादास गाडे जन्मले १९१७ साली आमच्या तळेगाव दशासरला, माझ्याच तालुक्यात. शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, सगळा विदर्भ ज्याला ओळखतो तेच तळेगाव. गाडे विज्ञान शिकलेले, रझांसारखेच नागपूर स्कूल ऑफ आर्टमधले, आणि त्यांचाही जीव रंगावरच. निसर्गदृश्यापासून सुरुवात करून तेही हळूहळू आकार मोडत नुसत्या रंगाकडं गेले. म्हणजे भारतीय चित्रकलेत रंगाची ही एवढी मोठी उलथापालथ झाली तिच्यातले दोघे नागपुरातून शिकून गेले. रझांहून दोन वर्षांनी धाकटे चित्रकार वासुदेव गायतोंडे १९५० साली या मंडळींत आले तेही नागपुरात जन्मलेले, हेही जाता जाता सांगतो. मी तळेगावात काम करत असताना अनेकांना गाडे यांच्याबद्दल विचारलं. शंकरपटाच्या जोड्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पाठ आहेत, गाडे यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं. लोकांना दोष कसा द्यावा, त्यांना सांगितलं कोणी?

तेव्हा माझी विनंती अशी. लिलावाच्या बातम्या द्या, पण एका रविवारी पूर्ण पान रझांना द्या. त्यात जलरंगातली मुंबई, काळ्या सूर्याचं फ्रान्समधलं गाव, जाड तैलरंगातलं एखादं चर्च, राजस्थानचा तांबडा आणि शेवटी बिंदू अशी पाच चित्रं क्रमानं, वर्षासकट आणि मूळ चित्राच्या मापासकट छापा. मजकूर कमी असला तरी चालेल. पुढच्या रविवारी तेवढंच पान गाडे यांना द्या, आणि त्यावर तळेगाव दशासरचं नाव ठळक टाइपात येऊ द्या. छापायच्या आधी मशीनवरच्या माणसाला एक प्रत डोळ्यांसमोर धरून बघायला सांगा की काळा काळाच उतरतो आहे की नाही. त्या दिवशीचे जास्तीचे अंक मी पैसे देऊन घेईन. ज्या शाळांच्या भिंती मी रंगवल्या त्या प्रत्येक शाळेत एकेक प्रत नेऊन देणार आहे, आणि काळ्या ग्राउंडची भिंत पुन्हा मागणार आहे.

आपला,
एक पेंटर
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती