केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र: मासेमारी अनुदानांवरचा पहिला करार तर स्वीकारा

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीची. घरची एक होडी आहे, तिच्यावर पाच माणसं. गेल्या मोसमात धक्क्यावर दुसऱ्या एका बोटीची पाटी उतरली, त्यातलं पापलेट उचललं तर अख्खं माझ्या तळहातावर मावलं. २०२३ मध्ये राज्यमासा ठरलेलं हेच ते पापलेट. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ते धरायचं नाही, असा नियमही त्याच वर्षी झाला. एकदाही अंडी न घालता ते बर्फात गेलं होतं.

म्हणून जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत चालणाऱ्या मासेमारीच्या चर्चेशी आमचा संबंध आहे. या संघटनेचा मासेमारी अनुदानांवरचा पहिला करार १७ जून २०२२ रोजी झाला. बेकायदा मासेमारीला आणि साठा ढासळलेल्या माशांच्या मासेमारीला सरकारी पैसा द्यायचा नाही, हा त्याचा गाभा. १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो लागू झाला, तेव्हा तो स्वीकारणाऱ्या शंभरावर सदस्यांत भारत नव्हता.

पुढचा टप्पा अतिमासेमारी वाढवणाऱ्या अनुदानांचा आहे; त्यासाठी भारत विकसनशील देशांना २५ वर्षांची मुदत मागतो. दूरच्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या देशांची अनुदानं आधी थांबवा म्हणतो. ते अगदी बरोबर आहे. सरकारकडून मिळणारा डिझेलचा परतावा लांबला की आमची होडी धक्क्यालाच बांधून राहते. परक्या समुद्रात महिनोन्‌महिने राहणाऱ्या पोलादी जहाजांशी आमची बरोबरी कशी होईल? या मागणीवरून तसूभरही मागे हटू नका.

पण पहिला करार स्वीकारायला हरकत कसली? त्यात आम्हा लहान मच्छीमारांचं काही जाईल असं मला वाटत नाही. रात्री आमच्या किनाऱ्यावरून आत समुद्रात पांढरे दिवे लखलखताना दिसतात. प्रखर दिव्यांनी मासे ओढून धरायच्या या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. अशा बोटींना मिळणारी मदत तुटली तर सातपाटीत कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. आमची गरिबी पुढे करून त्यांना आडोसा मिळत असेल, तर ते आम्हाला मान्य नाही.

जिनिव्हाला पुढच्या वेळी जाल तेव्हा स्वीकारपत्र सोबत न्या. त्याआधी एकदा पहाटे आमच्या धक्क्यावर या. मी पट्टी घेऊन येते, पाटीतली पापलेटं आपल्यासमोर मोजू.

आपली,
सातपाटीची एक कोळीण